गेल्या त्या आणि आल्या त्या

फेब्रुवारीत हजारावर बायका पूल ओलांडून दक्षिणेला गेल्या. जूनमध्ये जवळपास तितक्याच बायका उत्तरेला परतल्या. बोटांचे ठसे ताडून पाहणाऱ्या यंत्राच्या मते, परतलेल्यांपैकी जवळजवळ कोणीही गेलेल्यांपैकी नव्हती.

पश्चिम आफ्रिकेतल्या त्या दोन देशांची नावे मी देणार नाही. पूल अजून आहे आणि त्यावरची माणसे अजून नोकरीत आहेत. दोन्ही देश एकाच आर्थिक संघात होते. माल आणि माणूस यांना सीमेवर अडवायचे नाही, असा संघाचा करार होता. मालाच्या बाबतीत तो बराचसा पाळला जाई. माणसाच्या बाबतीत शेजाऱ्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा म्हणून संघाच्या सचिवालयाने सर्व देशांसाठी एकच ओळखपत्र आणि एकच यंत्र आणले. पहिल्या वर्षी यंत्राने बायकांनाही ओळखले आणि पुरुषांनाही. दुसऱ्या वर्षी फक्त पुरुषांना ओळखले. मी मूळचा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. मोजमापांतल्या चुका शोधणे हा माझा व्यवसाय. सचिवालयाने मला पुलाच्या उत्तर टोकाला पाठवले ते यासाठी.

मी पोचलो तेव्हा यंत्रासमोर रांग होती आणि कप्तान झेर्बो, त्या चौकीचा प्रमुख, रांगेतल्या एका बाईला शिव्या देत होता.

"आली, माझी गुलाम आली! ठेव बोट. आज तरी खरं नाव सांग त्याला."

"गुलाम तू आणि तुझं खानदान," बाई म्हणाली. "तुझा आजोबा आमच्या घरी बारशाला आला आणि बोकडाचं डोकं कपड्यात लपवून पळाला. ते आधी परत आण, मग बोट माग."

"शिजवून खाल्लेलं डोकं परत कसं आणू?"

"मग तुझंच दे. तसंही रिकामंच आहे."

रांग हसली. बाईने बोट ठेवले. यंत्रावर लाल दिवा लागला आणि हसणे थांबले.

मी हरकत घेतली तेव्हा झेर्बोने मला बाजूला नेऊन समजावले. त्याचे कुळ आणि त्या बाईचे कुळ यांच्यात एकमेकांची टवाळी करण्याचे नाते होते. ते पिढ्यानपिढ्या चालत आले होते आणि त्यात राग धरणे हाच काय तो गुन्हा होता. "डॉक्टर," तो म्हणाला, "ही रमाता आहे. आठ वर्षं ती या पुलावरून जाते आणि आठ वर्षं माझी अब्रू काढते. यंत्र तिचं बोट विचारतं. मी तिची जीभ ओळखतो."

"जीभ हा पुरावा नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर ती आत नाही."

फाटक यंत्राला जोडलेले होते. ठसा जुळला नाही तर ते उघडत नसे, आणि नकाराची नोंद तत्क्षणी राजधानीत पोचत असे. दक्षिणेकडच्या चौकीने या बायकांच्या हंगामी परवान्यांवर 'बाहेर गेल्या' असा शिक्का आधीच मारला होता, त्यामुळे मागेही जाता येत नव्हते. पुलाच्या टोकाशी कापसाच्या गाठी ठेवण्याची एक पत्र्याची शेड होती. तिच्यात त्या बायका बसून होत्या. स्वतःच्याच देशाच्या जमिनीवर, पण देशाच्या बाहेर.

रमाताला सगळ्या 'तांती' म्हणत. तिकडे मावशीला तसे म्हणतात. तिची घाई शेडमधल्या प्रत्येकीला ठाऊक होती. तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते, पहिलेच बाळंतपण होते, आणि त्यांच्या गावात पहिल्या नातवंडाला पहिले पाणी, म्हणजे पहिल्या अंघोळीचे पाणी, आईच्या आईच्या हातचे घालतात. दुसऱ्या कोणाचे चालत नाही असे नाही, पण मग त्या मुलाला आयुष्यभर सांगितले जाते की तुझी आजी आली नव्हती.

"ती कुठे होती हे नाही सांगत कोणी," रमाता मला म्हणाली. बाजारात शिकलेली तिची फ्रेंच माझ्या फ्रेंचपेक्षा वेगवान होती. "फक्त 'आली नव्हती' एवढंच."

राजधानीतल्या गृहखात्याकडे या कोड्याचे उत्तर तयार होते: पहिल्या वर्षी गेल्या त्या खऱ्या बायका; दुसऱ्या वर्षी त्यांनी आपली ओळखपत्रे विकली; परतलेल्या बायका कुठल्यातरी तिसऱ्या देशातल्या आहेत. सोमवारी दोन्ही देशांचे मंत्री भेटणार होते. बायकांचे हंगामी परवाने रद्द करावेत आणि पुलावर पूर्वीसारखा व्हिसा आणावा, असा उत्तरेचा प्रस्ताव होता. दक्षिणेची त्याला फारशी हरकत नव्हती. मी पोचलो तो शुक्रवार होता.

मी यंत्रापासून सुरुवात केली. काच पुसली. धुळीची शंका होती म्हणून यंत्र खोलीत हलवले. दुसऱ्या रांगेतले यंत्र या रांगेत आणले. माझे स्वतःचे बोट नोंदवले आणि कोरडे, ओले, तेलकट अशा सर्व अवस्थांत तपासले. यंत्राने मला प्रत्येक वेळी ओळखले; ती त्या दिवशीची एकमेव दिलासा देणारी गोष्ट होती. त्याच काचेवर गोण्या वाहणाऱ्या पुरुषांची बोटे जुळत होती. बायकांची जुळत नव्हती. दोष काचेत नव्हता, म्हणजे तो काचेवर ठेवल्या जाणाऱ्या वस्तूत होता.

"हात दाखवता?" मी रमाताला विचारले.

"भविष्य सांगणार का?"

"नाही. भूतकाळ बघायचा आहे."

तिने तळवे उताणे केले. बोटांच्या टोकांवरची त्वचा गुळगुळीत होती, कडेला काळी पडलेली, आणि मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटत होती. ठसा म्हणावा अशी एकही रेषा तिथे नव्हती. मला दुसरा कोणताही पुरावा नको होता. मी वेंगुर्ल्याचा. असे हात मी लहानपणापासून पाहिलेले होते.

"काजू फोडता तुम्ही," मी म्हणालो.

"सगळ्याच फोडतो. दक्षिणेला आम्ही नाच बघायला जातो असं वाटलं तुला?"

काजूच्या टरफलात एक तेल असते. ते कातडी जाळते. हंगामभर उघड्या हाताने काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटांवर जूनमध्ये ठसा उरण्याचे कारण नव्हते. पुरुष बागेत वेचणी करतात आणि गोण्या वाहतात, म्हणून त्यांचे ठसे शाबूत. मी समाधानाने झेर्बोच्या खोलीत गेलो आणि त्याला हे सांगितले.

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "गेल्या वर्षी या काय फोडत होत्या?"

मी हातातली वही मिटली.

"काजूच फोडत होत्या, डॉक्टर. त्याच बायका, तेच कारखाने. आणि यंत्राने प्रत्येकीला हिरवा दिवा दाखवला. मी इथेच उभा होतो."

त्याचे म्हणणे निर्विवाद होते. जे कारण दोन्ही वर्षी हजर आहे ते दोन वर्षांमधला फरक समजावू शकत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो आणि पुलावर मला ते एका कप्तानाने शिकवले.

"अजून एक," तो म्हणाला. "मेमध्ये सगळ्यांच्या आधी परतलेली एक बाई मी महिनाभर इथे ठेवली होती. खात्याचा हुकूम होता. रोज सकाळी बोट ठेवायची, रोज लाल. शेवटी एके दिवशी हिरवा. खात्याने काय लिहिलं माहीत आहे? 'दीर्घ चौकशीअंती संशयिताने आपली खरी ओळख मान्य केली.'"

"चौकशी कोणी केली?"

"कोणीच नाही. ती कांदे चिरत होती."

जळालेली कातडी महिन्याभरात नवी येते आणि ठसा खालून तोच उगवतो. प्रयोग माझ्याशिवायच पार पडला होता. परंतु त्यातून एवढेच ठरत होते की या वर्षी बोटे जळली होती. गेल्या वर्षी ती का जळली नाहीत, हा प्रश्न जागच्या जागी होता. शनिवारी सकाळी मी शेडभोवती फेऱ्या घालत राहिलो. या वर्षीचा काजू वेगळ्या जातीचा आहे का? नाही. भाजण्याची पद्धत बदलली? नाही. काम जास्त तास? तेवढेच. प्रत्येक उत्तर नकारार्थी होते आणि प्रत्येक नकारानंतर बायका माझ्याकडे थोड्या कमी आशेने पाहत होत्या. रमाता मात्र फाटकापलीकडच्या रस्त्याकडे पाहत होती. आदल्या संध्याकाळी तिच्या गावचा एक सायकलस्वार फाटकाशी येऊन ओरडून गेला होता की मुलीचे पोट खाली उतरले आहे.

दुपारी वेंगुर्ल्याहून आक्काचा फोन आला. माझी थोरली बहीण दर शनिवारी फोन करते आणि मी कुठल्या देशात आहे हे दर शनिवारी नव्याने विचारते.

"खय आसस रे? जेवलस?"

मी कुठे होतो ते सांगितले, आणि विषय मनातच असल्यामुळे बायकांचे हातही सांगितले.

"अगो बाय," ती म्हणाली. "पण हात जळतत कसे? हाताक राख लावणत नाय त्यो?"

"राख?"

"चुलीतली राख, रे मेल्या. आत्या कारखान्यात जाय तेव्हा घमेला भरून राख ठेवलेली असायची ना थय? हात बुडवायचे नि फोडूक बसायचा. तू त्या राखेत खेळायचस. इसारलस?" मी उत्तर देण्याआधीच तिने पुढचे विचारले. "का त्येंच्या देशात राख गावणा नाय?"

मी फोन तसाच हातात धरून शेडमध्ये गेलो.

"तांती, काजू फोडताना हाताला राख लावत नाही का?"

रमाता हसली. तिच्या शेजारच्या दोघीतिघी हसल्या. मग रमाताने हात लांब करून माझ्या छातीवर बोट टेकवले. तिथे सचिवालयाचा बिल्ला होता: दोन नद्या आणि त्यांच्यावर उडणारा पांढरा बगळा, संघाचे चिन्ह.

"यानं काढून घेतली."

"कोणी?"

"बगळ्यानं." तिने गाठोड्यातून एक पांढरा अ‍ॅप्रन काढला. त्याच्या छातीवर तोच बगळा छापलेला होता. "हंगामाच्या सुरुवातीला तुमची माणसं आली. म्हणाली, हा काजू समुद्रापार जातो, गरावर राखेचा एक कण दिसला तर सगळा माल परत येतो. घमेली उचलून नेली. हे कपडे दिले, रबरी हातमोजे दिले."

"मग हातमोजे?"

"तेलानं विरघळले. गूळ पाघळतो तसे. आठवड्यात चिकटून बोटांना लागले, ते सोलून काढावे लागले. मग उघड्या हातानं बसलो. मुकादमाला म्हटलं, राख परत दे. तो म्हणाला, माझा हुकूम नाही, बगळ्याचा आहे." तिने माझ्या बिल्ल्याकडे पुन्हा पाहिले. "आम्हाला वाटलं, त्याचंच बघायला आलास तू."

झेर्बो दारात येऊन उभा होता. "तर मग झालं," तो म्हणाला.

"झालं नाही. ही एक गोष्ट आहे. काल माझ्याकडे एक गोष्ट होतीच, आणि तुम्ही ती एका वाक्यात मोडली."

"मग ही कशी मोडते बघू."

मी रमाताला विचारले की या वर्षी कोणाच्या हाताला राख होती का. "बाजारवाल्या," ती म्हणाली. गावच्या बाजारासाठी काजू फोडणारी लहान छपरे दक्षिणेत होती. तो माल समुद्रापार जात नसे, म्हणून बगळाही तिथे जात नसे. शिवाय कारखान्यातल्या स्वयंपाकिणी. त्यांचे हात काजूला लागतच नव्हते.

दुपारनंतर पुलावरून नवी तुकडी येऊ लागली. मी यंत्राच्या आधी, फाटकाच्या अलीकडे उभा राहिलो आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: राख की बगळा? मग ती बोट ठेवण्यापूर्वी मोठ्याने रंग सांगितला.

"बगळा." "लाल." लाल.

"राख." "हिरवा." हिरवा.

"मी भात शिजवते." "हिरवा." हिरवा.

थोड्याच वेळात शेडमधल्या बायका दाराशी गोळा झाल्या. मी बोलण्याआधीच त्या रंग ओरडू लागल्या आणि यंत्र आज्ञाधारकपणे त्यांच्या मागून दिवे लावू लागले. झेर्बोने टोपी काढून ठेवली होती. एक बाई 'राख' म्हणाली, सगळ्यांनी 'हिरवा' म्हटले आणि दिवा लाल लागला.

"मोडली," झेर्बो हळू आवाजात म्हणाला.

मी त्या बाईचा हात पाहिला. तर्जनीवर गोल, ताजा फोड होता. तिने परवा उकळत्या हंड्याचे झाकण उघड्या हाताने उचलले होते. नोंदणी दोन्ही हातांची होती, म्हणून मी तिला दुसऱ्या हाताचे बोट ठेवायला सांगितले. हिरवा. शेडमधून असा आरडाओरडा झाला की दक्षिणेच्या चौकीवरचा शिपाई पूल ओलांडून बघायला आला.

सचिवालयातल्या स्थलांतर विभागाच्या प्रमुख श्रीमती अजोव्ही यांना मी फोनवर सर्व सांगितले.

"राखेचा हुकूम कोणत्या विभागाचा?" त्यांनी शेवटी विचारले.

"शेतमाल-मानक विभागाचा."

"म्हणजे माझ्या खालचा मजला." त्या म्हणाल्या. "मी त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये असते, डॉक्टर. रोज. आम्ही एकमेकांना सुप्रभात म्हणतो."

"त्यांना यंत्राबद्दल माहीत होतं?"

"मला राखेबद्दल माहीत होतं का? ते म्हणतील, राखेनं माल नाकारला जात होता. ते बरोबर आहे. आम्ही म्हणू, बोटांशिवाय शेजाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. तेही बरोबर आहे. त्या इमारतीत सगळेच बरोबर असतात, म्हणून ती उभी आहे." मग त्यांचा आवाज बदलला. "फाटकाचं मी बघते. छायाचित्र आणि चौकीप्रमुखाची साक्ष, एवढ्यावर तात्पुरता प्रवेश देण्याचा अधिकार मला आहे. फक्त कारण लेखी लागेल. मंत्र्याला उभ्या उभ्या वाचता येईल इतकं लहान लिहा."

"चौकीप्रमुखाची साक्ष म्हणजे काय?"

"तो तिला ओळखतो, असं त्यानं म्हणायचं."

मी झेर्बोला ते सांगितले. हे ऐकून तो जितका प्रसन्न झाला तितका मी त्याला पुन्हा कधी पाहिले नाही.

फाटक उघडले तेव्हा रमाता गाठोडे डोक्यावर घेऊन पुढे झाली, आणि मग माझ्यासमोर थांबली. तिने ते दोन्ही तळवे पुन्हा उताणे केले.

"हे बाळाला चालतील?"

मला खोटे बोलता आले असते. तेल कातडीच्या भेगांत राहते. मोठ्या माणसाला ते जाणवत नाही, पण नवजात बालकाच्या त्वचेवर ते काय करील याबद्दल मला शंका नव्हती.

"काळी कातडी पूर्ण गळेपर्यंत नाही," मी म्हणालो. "बाळाला लावू नका. पाण्यातसुद्धा बुडवू नका."

तिने तळवे मिटले.

"म्हणजे तुमच्या फाटकाला आता चालतात," ती म्हणाली. "माझ्या नातवंडाला नाही."

"हो."

"मग फाटक कशाला उघडलंस?" ते ती हसत म्हणाली, पण उत्तराची वाट न पाहता चालू लागली. झेर्बोने तिच्या पाठीमागून तिच्या आजोबांबद्दल काहीतरी ओरडून सांगितले. तिने मागे न पाहता हात हलवला. मला वाटते ती पहिलीच वेळ असेल की तिने उलट उत्तर दिले नाही.

पुढे पावसाळ्यानंतर झेर्बोने मला फोन केला. रमाता वेळेत पोचली होती, नात झाली. पहिल्या पाण्याला ती हजर होती. भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी तिने ओतले, आणि बाळाच्या अंगावरून फिरलेले हात मुलीच्या सासूचे होते. त्या नातीला काय सांगितले जाईल, हे मी झेर्बोला विचारले. तो म्हणाला, गावात त्यावर अजून वाद चालू आहे.

मंत्र्यांची बैठक झाली आणि परवाने रद्द झाले नाहीत. हातमोज्यांचा प्रश्न एका संयुक्त समितीकडे गेला. समितीची पहिली बैठक कोणत्या मजल्यावर घ्यावी यावर काही काळ पत्रव्यवहार झाला, असे मला श्रीमती अजोव्हींनी कळवले. पुढच्या हंगामात घमेली परत आली. त्यांच्यावर झाकण असावे, आणि गर वेगळ्या खोलीत, धुतलेल्या हातांनी सोलावा, असा नियम झाला. तो आधीही करता आला असता.

त्या शनिवारी मी लिहून दिलेले कारण मंत्र्याने उभ्या उभ्या वाचले की नाही, ते मला माहीत नाही. ते असे होते:

'गेलेल्या आणि परतलेल्या बायका त्याच आहेत. काजूच्या टरफलाचे तेल बोटांची कातडी जाळते. राख ते अडवते. या वर्षी संघाच्या एका विभागाने राख बंद केली आणि दुसऱ्या विभागाने त्याच बोटांचे ठसे मागितले. दोघांनी एकमेकांना विचारले नाही.'